नावाचा अर्थ कोणाच्या मालकीचा?

आमच्या सीमाभागात गावाच्या नावाची फोड करून दाखवणे हा निव्वळ भाषाशास्त्राचा विषय कधी राहत नाही. अमुक प्रत्यय मूळचा कन्नड, तमुक शब्द मूळचा मराठी, असे कोणी म्हणू लागला की त्याचे पुढचे वाक्य हक्काचे असणार, हे ऐकणाऱ्याने ओळखून घ्यावे. जुन्या शिलालेखांत बेळगावचे नाव 'वेणुग्राम' असे येते. वेळूचे गाव. आजवर या नावावरून माणसे पुष्कळ बोलली. वेळू मात्र कोणत्याच बाजूने बोललेला नाही.

म्हणून या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मुद्दाम एक दूरचा मुलूख घेतला आहे. तिथे आपला बांध नाही, आपली सभा नाही, आपले कोणी निवडून यायचे नाही. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ऍपलक्रॉस नावाचा एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. मुलकी कारभारही पुष्कळ काळ याच हद्दींनी चाले. समोर स्काय आणि रासे ही बेटे, मागे डोंगर, मध्ये समुद्राकाठाने विखुरलेल्या लहान लहान वस्त्या. तिथली पूर्वापार बोलभाषा गेलिक; सरकार-दरबारची भाषा इंग्रजी. इथपर्यंत वाचले तरी आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातल्या वाचकाला पुढची गोष्ट अर्धी कळून येईल.

या मुलखाची माझी ओळख झाली ती विल्यम वॉटसन या गृहस्थांच्या १९०४ सालच्या ग्रंथामुळे. रॉस आणि क्रोमार्टी या परगण्यांतली स्थलनामे त्यांनी पॅरिशवार लावून त्यांचे अर्थ दिले. वॉटसन १८६५ साली रॉस परगण्यातच जन्मले, गेलिक त्यांची घरची भाषा, वडील लोहार. हा ग्रंथ लिहिला तेव्हा ते इन्व्हर्नेसच्या रॉयल अकॅडमी या शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे एडिंबरा विद्यापीठात ते केल्टिक भाषांचे प्राध्यापक झाले आणि १९२६ साली त्यांचा साऱ्या स्कॉटलंडच्या केल्टिक स्थलनामांवरचा मोठा ग्रंथ आला. पण मला भावतो तो मुख्याध्यापक वॉटसन. तासिकांचे वेळापत्रक, पालकांच्या तक्रारी आणि परीक्षांचे निकाल सांभाळून हा माणूस खडकाखडकाचे नाव विचारत राहिला. त्याची पद्धत सोपी आणि चिवट होती. जुन्या दस्तऐवजांत नाव कसे लिहिले आहे ते पाहायचे, आणि तिथल्या माणसाच्या तोंडून ते कसे येते ते कानाने ऐकायचे. दोन्ही साक्षी जुळल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही.

आता ऍपलक्रॉस हेच नाव घ्या. इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही त्यात सफरचंद आणि क्रूस दिसतो. बागेत पाच सफरचंदाची झाडे क्रुसाच्या आकारात लावली होती, म्हणून हे नाव पडले, अशी कथाही छापली गेली. कथा गोड आहे. नावाच्या मुळाशी मात्र सफरचंद नाही. आयर्लंडच्या जुन्या वार्षिक नोंदींत हे नाव 'आपोर क्रोसन' असे येते. 'आबेर' म्हणजे नदीचे मुख, आणि क्रोसन ही तिथली नदी. ऍबर्डीन या शहराच्या नावातला 'ऍबर' तोच. म्हणजे ऍपलक्रॉस हे क्रोसन नदीचे मुख.

गंमत अशी, की 'आबेर' हा शब्द गेलिकही नाही. गेलिक भाषा आयर्लंडकडून या किनाऱ्यावर आली. तिच्या आधी इथे पिक्ट लोक होते, 'आबेर' त्यांचा. नदीमुखासाठी गेलिकचा स्वतःचा शब्द 'इन्व्हर'. इन्व्हर्नेस म्हणजे नेस नदीचे मुख. पिक्टांची भाषा पुढे नाहीशी झाली. तिचे एक सलग वाक्यही आज धड वाचता येत नाही. पण गेलिक बोलणाऱ्यांनी इथे 'आबेर' खोडून 'इन्व्हर' केले नाही. हे दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूपासून आले आहेत, आणि तो धातू म्हणजे आपल्या संस्कृतातला 'भृ', वाहून आणणे. नदी जिथे पाणी वाहून आणते ती जागा. घरापासून इतक्या लांब ओळखीचा धातू भेटला, की माझ्यासारख्या मास्तरला दिवसभर बरे वाटते. त्याकडे वाचकांनी काणाडोळा करावा.

या गावाचे गेलिक नाव मात्र वेगळेच आहे: 'अ खोमरिख'. याचा नदीशी संबंध नाही, सफरचंदाशी तर नाहीच. याचा अर्थ अभयस्थान. इ. स. ६७३ मध्ये मेलरुव्हा नावाच्या आयरिश साधूने इथे मठ स्थापला. ७२२ साली तो वारला. त्या मठाच्या भोवतीचा सुमारे सहा मैलांचा टापू अभयभूमी मानला जाई. पाठलाग चुकवून पळत आलेला माणूस त्या हद्दीच्या आत शिरला, की त्याच्यावर हात टाकायचा नाही. मग तो अपराधी असो, कर्जबाजारी असो, की सूडाच्या भीतीने पळालेला असो.

मला इथे थांबावेसे वाटते. एकाच जागेची दोन नावे आहेत आणि ती एकमेकांची भाषांतरे नाहीत. एक नाव जागा कुठे आहे ते सांगते. दुसरे ती काय करते ते सांगते. पहिले भूगोलातले, दुसरे वचन दिल्यासारखे. भूगोलातल्या नावाचा अर्थ विसरला तर फार काही बिघडत नाही; नदी आपल्या मुखाकडे वाहायची ती वाहतेच. वचनाचा अर्थ विसरला तर? एकोणिसाव्या शतकात उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मेंढ्यांसाठी, आणि नंतर हरणांच्या शिकारीच्या रानांसाठी, हजारो कुटुंबांना पिढीजात जमिनीवरून हलवण्यात आले. चांगली खोरी मोकळी झाली, माणसे खडकाळ किनाऱ्यावर किंवा जहाजात बसून परदेशी गेली. ऍपलक्रॉसही याला अपवाद नव्हते. ज्या मुलखाच्या नावातच अभय आहे, तिथून माणूस निघाला तेव्हा ते नाव कोणाला आठवले असेल? जमीनमालकाच्या कागदपत्रांत तर 'ऍपलक्रॉस' एवढेच लिहिलेले. नावाचा अर्थ माहीत असता तर कोणी थांबला असता, असे मी म्हणत नाही. तेवढा भाबडा मी नाही. पण ज्याला अर्थ माहीत होता त्याच्यापाशी तक्रार करायला निदान एक शब्द होता. भाषा गेली की तक्रारीचा तो आधारही जातो.

आता किनाऱ्याने उत्तरेकडे चला. शील्डेग हे गाव लागते. ते वसवले गेले १८०० साली, नेपोलियनशी युद्ध चालू असताना आरमाराला खलाशी मिळावेत म्हणून. नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीचे, आणि ते गेलिक नव्हे. नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत 'सील्ड' म्हणजे हेरिंग मासा आणि 'वीक' म्हणजे खाडी, हेरिंगची खाडी. तसेच पुढे डियाबेग, म्हणजे खोल खाडी. नॉर्स 'वीक' गेलिक जिभेवर झिजत झिजत नावाच्या शेवटी 'एग' होऊन बसला. हे लोक प्रथम आले ते लुटारू म्हणून. त्यांच्या स्वाऱ्यांच्या खुणा या साऱ्या किनाऱ्यावर आहेत. पण मासा कुठे लागतो, होडी कुठे आत नेता येते, हे शहाणपण त्यांनी नावात ठेवले आणि गेलिक कोळ्यांनी ते टाकून दिले नाही. वैऱ्याचे नाव म्हणून कोणी खाडीचे पाणी सोडले, असे झाले नाही.

खास गेलिक नावे पाहायची तर डोंगराकडे वळावे. पॅरिशमध्ये शिरण्याचा जुना रस्ता 'ब्यालख न बा' या खिंडीतून जातो. 'ब्यालख' म्हणजे खिंड, आणि 'बा' हे 'बो' या शब्दाचे षष्ठीचे रूप. 'बो' म्हणजे गाय. पुन्हा तेच: 'बो' आणि आपला 'गो' एकाच कुळातले. या खिंडीतून गुरांचे कळप पूर्वेकडच्या बाजारांना हाकत नेत. खिंड समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर उंच आहे. २०१५ पासून उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा एक पर्यटनमार्ग जगभर गाजला आहे, त्यातही ती येते. हिवाळ्यात बर्फाने बंद पडते. मोटारीतून वळणे मोजत जाणाऱ्याला ते अवघड उच्चाराचे एक नाव. ज्याला अर्थ कळतो त्याला तिथे गाईच्या मागे चालणारा माणूस दिसतो. डांबर पडले, कळप संपले, तरी खिंडीवर मालकी अजून गाईचीच आहे.

खिंडीशेजारी 'म्याउल गोरम' नावाचा डोंगर आहे. 'म्याउल' म्हणजे गोलसर उंचवटा. 'गोरम'चा अर्थ शब्दकोशात पहिला सापडतो तो निळा. पण डोंगराला लावलेला 'गोरम' बहुधा गवताचा असतो: दाट, रसरशीत हिरवा. गेलिकमध्ये रंगांच्या सीमा इंग्रजीच्या सीमांशी जुळत नाहीत. 'ग्लास' हा करडाही आणि गवताचा फिका हिरवाही. 'लिया' हा करडा, आणि कधी निळसर करडा. त्यामुळे एखाद्या प्रामाणिक भाषांतरकाराने नकाशावर 'निळा डोंगर' असे लिहिले, तर शब्दकोशाप्रमाणे तो बरोबर असेल आणि गुराख्याच्या लेखी चूक. त्या नावात गुराख्याला पाहिजे असलेली बातमी होती: इथे चारा आहे. आपल्याकडे 'पांढरी' म्हणजे गावठाण आणि 'काळी' म्हणजे पिकाची जमीन. यांचे कोणी शब्दशः भाषांतर करून रंग सांगत बसला, तर आपल्याला हसू येईल. पण हसण्यासाठी आधी 'काळी'त पाय मळलेले असावे लागतात.

शरीराच्या अवयवांची नावे डोंगराला देण्याची चालही तिथे आहेच. गेलिकमध्ये 'स्रोन' म्हणजे नाक, आणि डोंगराची पुढे आलेली धारही. 'द्रुइम' म्हणजे पाठ. केनमोर या वस्तीचे नाव 'क्यान मोर', म्हणजे मोठे डोके. इथे अर्थ समुद्रात घुसलेले मोठे टोक. आपला 'भूशिर' शब्द याहून वेगळे काय सांगतो? आपणही डोंगराला माथा, कूस आणि सोंड देतोच. त्यांना जिथे नाक दिसले तिथे आपल्याला हत्ती दिसला, एवढाच फरक.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या एका पॅरिशमध्ये पिक्ट, गेलिक, नॉर्स आणि इंग्रजी अशा चार भाषांची नावे शेजारी शेजारी नांदतात. मग नाव कोणाचे? ते पहिल्यांदा ठेवणाऱ्याचे म्हणावे, तर ऍपलक्रॉसच्या नावावर हक्क सांगायला एकही पिक्ट हयात नाही. आज उच्चारणाऱ्याचे म्हणावे, तर सफरचंद खरे ठरते. अर्थ जाणणाऱ्याचे म्हणावे, तर गाव विद्वानांच्या नावे करून द्यावे लागेल, आणि विद्वानांच्या हाती गाव देण्याचा धोका मी तरी पत्करणार नाही. मला वाटते, या प्रश्नातली 'मालकी' हीच चुकीच्या जागी येऊन बसली आहे. नाव हे वतन नसून हाती आलेली ठेव आहे. पिक्टाने ठेवलेले नाव गेलिक माणसाने सांभाळले, नॉर्साने ठेवलेलेही सांभाळले, आणि बहुतेक वेळा अर्थ न कळता सांभाळले.

यावर एक बळकट आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. सगळेच जर थरावर थर असतील, सगळेच जर उपरे असतील, तर शेवटचा थर इंग्रजीचा चढला यात विशेष ते काय? गेलिकने पिक्टांची भाषा गिळली, इंग्रजीने गेलिक गिळली. इतिहासाचा क्रमच तो. सत्ताधाऱ्याला हा युक्तिवाद फार सोयीचा असतो. मोडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आधी कोणीतरी मोडतोड केल्याचा दाखला दिलेला आहे.

माझे उत्तर असे, की नाव कसे बदलले याला नैतिक वजन आहे. 'वीक'चा 'एग' झाला तो तोंडोतोंडी, शेकडो वर्षांत, एकाच खाडीत जाळी टाकणाऱ्या शेजाऱ्यांच्या व्यवहारात. ती झीज आहे, उंबरठा झिजतो तशी. नकाशा खात्याची गोष्ट वेगळी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याने १८७० च्या दशकात या भागाची मोजणी केली. त्यांच्या नावांच्या वह्या आजही पाहायला मिळतात. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात त्याची निरनिराळी स्पेलिंगे, तिसऱ्यात ते स्पेलिंग कोणाच्या सांगण्यावरून घेतले त्यांची नावे. या तिसऱ्या रकान्यात पुष्कळदा जमीनमालक, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर असे वजनदार लोक दिसतात. ज्याचे पाय त्या खडकावर रोज पडत, त्याचा उच्चार ऐकून घेतला जाई. पण अक्षर कसे लिहायचे हे वरच्या माणसाने ठरवायचे. मोजणीदार काही दुष्ट नव्हते, त्यांनी कष्ट पुष्कळ घेतले. तरीही जो बोलतो तो साक्षीदार आणि जो लिहितो तो न्यायाधीश, ही वाटणी तिथे पक्की झाली.

आणि शाळा! १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचे झाले. त्या कायद्यात गेलिकचा उल्लेखही नव्हता. १९१८ च्या कायद्यात गेलिक भागांसाठी तरतूद आली, तोवर दोन पिढ्या शिकून बाहेर पडल्या होत्या. या मुलांना लंडनच्या रस्त्यांची नावे वाचता येऊ लागली आणि घरामागच्या डोंगराचे नाव लिहिता येईना. माझ्या पेशाचा हा हिशेब आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. एक मास्तर नकाशाच्या वहीत साक्ष देतो, दुसरा वर्गात ती भाषा बाहेर ठेवतो, आणि तिसरा, वॉटसन, तीच नावे पुन्हा गोळा करत पायपीट करतो. तिघेही एकाच पगारपत्रकावर शोभतील असे. यांतला कोण व्हायचे, हा प्रश्न दुभाषी जिल्ह्यातल्या प्रत्येक मास्तरपुढे सोमवारी सकाळी हजेरीबरोबरच येतो. मराठी शाळेतला मुलगा 'हळ्ळी' म्हणजे गाव हे जाणतो का, आणि कन्नड शाळेतल्या मुलीला 'वाडी' कळते का, इथून सुरुवात करता येते. त्याला सरकारी परवानगी लागत नाही.

आज स्थिती काय? २०११ च्या जनगणनेत गेलिक बोलता येणारे सुमारे ५७ हजार होते, २०२२ मध्ये सुमारे ७० हजार. २००५ साली गेलिकसाठी स्वतंत्र कायदा झाला; दुभाषी पाट्या लागल्या. त्यांवर टीकाही भरपूर होते: इतक्या थोड्या लोकांसाठी हा खर्च कशाला? पाट्यांचे भांडण आपल्याला नवे नाही, त्यामुळे मी दोन्ही बाजू शांतपणे ऐकू शकतो. पैशाचा मुद्दा खोटा नाही. पण पाटी फक्त ज्याला ती भाषा येते त्याच्यासाठी असते, हे गृहीतक मला पटत नाही. वाट चुकलेल्याला 'ऍपलक्रॉस' पुरेसे आहे. खाली 'अ खोमरिख' लिहिले, तर न कळणाऱ्यालाही एवढे कळते, की इथे आपल्याला न कळणारे काहीतरी आहे. एवढी अदब पाहुण्याला शिकवायला चार अक्षरांचा रंग फार महाग नाही.

मग त्या पाच सफरचंदाच्या झाडांचे काय करायचे? अर्थ चूक आहे हे कळल्यावर कथा पुसून टाकावी का? मला तसे वाटत नाही. ज्यांना 'आबेर' कळत नव्हते त्यांनाही नाव मुके ठेववेना, म्हणून त्यांनी झाडे लावली, निदान गोष्टीत तरी लावली. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले नाही असा तालुका दाखवा! अशी कथा जोवर खऱ्या अर्थाला हाकलून त्याच्या घरात शिरत नाही, तोवर तिला ओसरीवर बसू द्यावे. हाकलू लागली, तिच्या जोरावर कोणी कागद करून घेऊ लागला, की मात्र वॉटसनसारख्या माणसाला बोलवावे.

पॅरिशच्या उत्तर टोकाला फर्नमोर आणि फर्नबेग अशा दोन वस्त्या आहेत. 'मोर' म्हणजे थोरला, 'बेग' म्हणजे धाकटा. आपल्या बुद्रुक आणि खुर्दसारखे. 'फ्यार्न' हे आल्डर झाडाचे गेलिक नाव, पाणथळ जागी वाढणारे. शील्डेगहून या किनाऱ्याने ऍपलक्रॉसला जाणारा मोटाररस्ता पुरा झाला तो १९७० च्या दशकात, वाटेवरच्या बऱ्याच वस्त्या रिकाम्या होत आल्यावर. गेलिकच्या परंपरेत मुळाक्षरांना झाडांची नावे आहेत: ब म्हणजे 'बेह', बर्चचे झाड, द म्हणजे 'दार', ओकचे. आणि फ म्हणजे 'फ्यार्न'. १९८५ पासून स्कॉटलंडमध्ये गेलिक माध्यमाचे वर्ग पुन्हा सुरू झाले आहेत. त्यांतल्या एखाद्या मुलाला आईबापांनी सुट्टीत या रस्त्याने नेले, तर मोटारीच्या काचेतून पाटीवरचे पहिले अक्षर त्याला झाडासकट वाचता येईल.